विश्लेषण : पक्षी आहेत, पाणी आहे, मग पेण-रोह्याची शिवारे ‘पाणथळ’ का नाहीत?

फेब्रुवारी-मार्चमध्ये खाडीकाठचे पाहुणे पक्षी परतीच्या तयारीला लागतात. ते पाहायला पेण आणि रोह्यात एक दिवस काढला. पक्षी भरपूर दिसले. पण ते जिथे दिसले, त्यातल्या बहुतेक जागा कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. असे का?

फाल्गुन शुद्ध द्वादशी. होळीला तीन दिवस. दिवा-रोहा मेमूने हमरापूर सोडले तेव्हा डाव्या हाताच्या डोंगरावर पळस फुललेला होता आणि उजव्या हाताला नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट, करडी, कापणी होऊन गेलेली शेते. मुंबईहून येणाऱ्या प्रवाशाला हा पट्टा कंटाळवाणा वाटतो. फोनमध्ये डोके घालायची वेळ. मीही कित्येक वर्षे तेच करत आले.

या वेळी पेणला उतरले ते त्याच पट्ट्यासाठी. इंजिनीअरिंगला बरोबर असलेला एक मित्र पेणचा आहे. आदल्या रात्री त्याचा मेसेज आला, की साडेसातला बांधावर पोहोचू. मी विचारले, पक्षी पाहायला तर उजाडायच्या आधी जातात ना? त्याने उत्तर पाठवले, ‘आजोबांना विचारले आहे. उद्या द्वादशी, नऊची भरती.’

भरतीचा पक्ष्यांशी काय संबंध?

जंगलातल्या पक्ष्यांचा दिवस उजेडावर चालतो. खाडीकाठच्या पक्ष्यांचा पाण्यावर. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यातले किडे, शिंपले, छोटे खेकडे हे तुतवार, टिलवे, चिखले यांचे जेवण. त्या वेळी पक्षी मैलोन् मैल पांगलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे दिसतात. पाणी चढू लागले की चिखल आक्रसतो, पक्षी काठाकडे सरकतात आणि भरती पूर्ण झाली की बांधावर किंवा बांधाच्या आतल्या शेतात गर्दी करून उभे राहतात. म्हणून भरतीच्या आधीचे दीड-दोन तास सर्वांत चांगले.

भरतीची वेळ काढायची आजोबांची रीत कोकणात जुनी आहे. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझ्या फोनमधले भरतीचे वेळापत्रक मात्र साडेनऊच्या पुढचे आकडे दाखवत होते. सवयीने हिशेब मांडला. पंधरा तिथींमध्ये भरती बारा तास पुढे सरकायला हवी. पाऊणपटीने ती सव्वाअकरा तासच सरकते. म्हणजे पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाचा फरक पडणारच, आणि खाडीत आत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो तो वेगळा. हे मी आजोबांना सांगितल्यावर ते हसले. होडी काढायची असेल तर माणसाने अर्धा तास आधीच जाऊन बसलेले बरे, एवढेच म्हणाले.

बांधावर काय दिसले?

पेणच्या पश्चिमेला शिर्की, वढाव, वाशी, भाल, विठ्ठलवाडी, वर उत्तरेला दादर, रावे, अशी गावे आहेत. या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि मधोमध मातीचा बांध. आम्ही बांधावर चढलो तेव्हा खाडीकडच्या तिवरांच्या मुळांशी पाणी खेळायला लागले होते.

सर्वांत आधी दिसले ते शेकाटे. लांबलचक गुलाबी पाय, काळे पंख, पांढरे अंग. नवख्यालाही चुकत नाहीत. मग लाल पायांचे तुतवार, शेपटी वरखाली हलवत फिरणारी तुतारी, ढोकरी, बगळ्यांचे तीन प्रकार. एक दलदल भोवत्या तिवरांवरून खाली खाली घिरट्या घालत गेला आणि चिखलातले सगळे टिलवे एकदम उठले. उडताना सगळ्यांनी मिळून वळण घेतले की आधी तपकिरी, मग पांढरे दिसतात. तो क्षण मोबाइलच्या कॅमेऱ्यात येत नाही. मी चार वेळा प्रयत्न केला.

पण वसंतात यायचे खरे कारण वेगळे आहे. डिसेंबरात हेच पक्षी सगळे सारखे मातकट दिसतात आणि नवशिका वैतागतो. मार्चमध्ये त्यांची पिसे बदलू लागतात. छोट्या चिखल्याच्या छातीवर विटकरी पट्टा चढतो. वाकड्या चोचीचा एक छोटा तुतवार असतो, त्याचे पोट तांबूस व्हायला लागते. हा विणीचा वेश. वीण मात्र इथे होत नाही. ती हिमालयापलीकडे, मध्य आशियात किंवा थेट आर्क्टिकच्या काठावर. प्रवासाआधी हे पक्षी एवढे खातात की काही जातींचे वजन जवळपास दुप्पट होते. ती चरबी हेच त्यांचे इंधन. या कुळातल्या एका पक्ष्याने २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर न थांबता ११ दिवसांत कापल्याची नोंद आहे. आपल्याकडचे पाहुणे एवढी लांब उडी मारत नाहीत, पण तत्त्व तेच. मार्चमध्ये विश्रांतीला बसलेला थवा जवळून फोटो हवा म्हणून उठवला, तर त्याच्या टाकीतले इंधन आपण सांडतो.

आतल्या शेतांत स्थानिकांची गडबड होती. टिटवीची अंडी याच दिवसांत उघड्या ढेकळांत असतात, त्यामुळे ती ओरडत डोक्यावर आली की आल्या पावली मागे फिरायचे. ताडांवर सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी लोंबत होती. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला राहून सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला होता. त्यांच्या नावाचा फलक शोधत लोक भरतपूरला जातात. किहीम मांडव्याच्या बोटीने तासा-दीड तासावर आहे.

ही जागा निसर्गाची की माणसाची?

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचा सगळा गुंता यातून निघतो.

खारेपाटातली शेते समुद्राकडून मिळवलेली आहेत. बांध घालून खारे पाणी अडवायचे, पावसाळ्यात गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे. काळा राता, भुरा राता यांसारखी मीठ सोसणारी जुनी वाणे याच जमिनीची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे सुधारित वाणेही दिली. पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीचे आत येऊ नये, यासाठी बांधात ठरावीक ठिकाणी ‘उघाडी’ असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची झापे उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने घट्ट मिटतात. वीज नाही, मोटर नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणत होतो, तो इथे पिढ्यान् पिढ्या लाकडाचा होता.

कापणीनंतर या खाचरांत ओल राहते, सखल कोपऱ्यांत पाणी साचते. गावाजवळ जिताडे पोसायची तळी असतात. समुद्राच्या बाजूला चिखल आणि तिवरे. पक्ष्याला खाडीत जेवण, भरतीला शेतात विसावा आणि तळ्यात गोडे पाणी, असे सगळे पाचशे मीटरच्या आत मिळते. ही सोय बांध आहे म्हणून आहे. बांधाची माती खचते, खेकडे बिळे करतात, उधाणात लाटा आदळतात. दरवर्षी डागडुजी लागते. पूर्वी ती शेतकरी एकत्र येऊन करत. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर मोठ्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली.

डागडुजी झाली नाही की बांधाला खांड पडते. खारे पाणी आत येते, भात जाते आणि दोन-चार वर्षांत शेतात तिवरे उगवतात. आम्ही पाहिलेली सर्वांत सुंदर जागा नेमकी अशी होती. फुटलेला बांध, गुडघाभर पाणी, कोवळी तिवरे आणि त्यांत शेकाटे, चमचे, राखी बगळे. मी दुर्बीण लावून खूश होते. मित्र गप्प होता. ती खाचरे त्याच्या मावशीच्या घरची. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे.

कायदा काय म्हणतो?

दोन कायदे आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण त्यांच्या मधल्या फटीची आहे.

पहिला, पाणथळ जागांचे नियम. २०१० चे नियम बदलून केंद्राने २६ सप्टेंबर २०१७ रोजी नवे आणले. त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, तसेच मत्स्यशेती, मीठ उत्पादन, करमणूक आणि सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. आता खारेपाटाकडे पुन्हा पाहा. खाचर? भातशेती. माशांसाठी बांधलेले तळे? मत्स्यशेती. पेणजवळचे हेटवणे धरण? पिण्याचे पाणी आणि सिंचन. एकेक करून सगळे बाहेर.

दुसरा, सागरी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड. खाडी, चिखल आणि तिवरे यात येतात. पण १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. बांधाच्या आत सीआरझेड नाही. त्याला एक अपवाद आहे. खारे पाणी शिरून आत तिवरे उगवली, तर तेवढे क्षेत्र सर्वांत कडक संरक्षणात जाते. मुंबई उच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभरातल्या तिवरांच्या तोडीवर बंदी घालणारा निकाल दिला आहे.

म्हणजे बांध शाबूत असेल आणि शेतात हजार पक्षी उतरत असतील, तर त्या शेताला पक्ष्यांच्या नावाने कसलेच संरक्षण नाही. उद्या तिथे भराव पडला, तर पाणथळीचा नियम दाखवता येत नाही. आणि बांध फुटून तिवरे आली, तर संरक्षण पूर्ण, पण शेतकऱ्याची जमीन हातची गेली. सातबारा नावावर, कोयता लावायला बंदी. तिवरांचे संरक्षण ढिले करा असे मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय हा किनारा उधाणापुढे टिकणार नाही. पण पक्षी पाहणाऱ्या मंडळींनी ‘तिवरे वाढली, छान झाले’ असे लिहिण्याआधी ती कुणाच्या खाचरात वाढली हे विचारायला हवे. मीही आजवर विचारले नव्हते.

या जमिनीवर नजर काही आजची नाही. महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातली शेती मागितली गेली तेव्हा हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला होता. देशात गाजलेली ती घटना. सेझ झाला नाही, शेते राहिली. त्या वादात पक्ष्यांचे नाव कुणी काढले नव्हते, पण फायदा त्यांनाही मिळाला. आता अटल सेतूनंतर चित्र पुन्हा बदलते आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. कुठली जागा पाणथळ आणि कुठली नुसती ओली शेती, हा प्रश्न म्हणूनच आता केवळ छंदाचा राहिलेला नाही.

रोह्यात नदीचे घड्याळ कोण चालवते?

दहा वाजता भरती ओसरायला लागली, पक्षी पुन्हा पांगले आणि आम्ही मोटरसायकलवरून वडखळ, नागोठणेमार्गे कोलाडकडे निघालो. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे त्यांना माहीत आहे.

रोहा तालुक्यातली कुंडलिका मार्चमध्येही वाहते. कोकणातल्या नद्यांचे हे लक्षण नव्हे. त्या होळीपर्यंत डबक्यांवर येतात. कुंडलिकेचे पाणी येते घाटावरून. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी खरे तर भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जायचे. ते सह्याद्रीतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले जाते आणि जनित्रे फिरवून कुंडलिकेत येते. वीजघर १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, त्याच धरणाचे हे पाणी. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांत जाते आणि रोह्यात उन्हाळी भात हिरवे दिसते.

कोलाडला सकाळी राफ्टिंग चालते ते सोडलेल्या पाण्यावर. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा पात्र उतरले होते, खडक आणि वाळू उघडी पडली होती. खडकावर थोरला धोबी शेपटी नाचवत होता. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. एक छोटा खंड्या एकाच फांदीवरून पाच वेळा पाण्यात उतरला आणि दोनदा मासा घेऊन आला. नदीसुरय पात्रावरून वरखाली करत होते. पेणला भरती जे करते, ते इथे विजेची मागणी करते. पाणी वाढले की काठ बुडतात, उतरले की पक्ष्यांना ताट वाढलेले मिळते.

उन्हाळी भाताच्या खाचरांत मुग्धबलाक गोगलगायी शोधत फिरत होते, मागून गायबगळे. पांगारा फुलला होता आणि त्यावर भोरड्यांचा गोंधळ चालला होता. गुलाबी-काळ्या या मैना एप्रिलपर्यंत निघून जातात. फाल्गुनात पांगारा, काटेसावर आणि पळस सापडले की त्यांच्याच खाली उभे राहायचे, शोधायला लागत नाही.

ही जागाही व्याख्येत नाही. नदीचे पात्र वगळलेले, भातशेती वगळलेली. रोह्याखाली धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आणि मग खाडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. कुंडलिका त्यात आहे. पाणी कायद्याने नदीचे प्रदूषण मोजता येते. पात्रातल्या वाळूच्या बेटावर किती सुरय बसतात, हे मोजायचे काम मात्र कुठल्याच खात्याचे नाही.

मग मोजते कोण?

हौशी लोक. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. बाकी वर्षभर ‘ई-बर्ड’ या मोफत अॅपवर कुणीही नोंद करू शकते: जागा, वेळ, किती अंतर चाललात, कोणते पक्षी किती. पंधरा मिनिटांची नोंदही चालते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल मुख्यतः अशाच नोंदींवर उभा राहिला. त्यात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या २०४ जाती घटल्या आहेत. स्थलांतर करणारे काठावरचे पक्षी घट होणाऱ्यांत ठळक आहेत.

नोंदींचा उपयोग न्यायालयापुढेही होतो. पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून सीमा ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना पुन्हा बजावले. पाहणीला येणारा तलाठी किंवा सर्वेअर मे महिन्यात आला, तर त्याला भेगाळलेली जमीन दिसेल. तिथे मार्चमध्ये शेकाटे होते, हे सांगणारी तारखेची नोंद असलेली बरी.

तुम्हाला जायचे असेल तर थोडे व्यवहाराचे. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण पुरते. तिथी पाहा, पाऊणपट करा आणि अॅपवर ताळा करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पक्षी जास्त जवळ येतात; अष्टमीच्या भांगाला पाणी फार हलत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बरेच पाहुणे गेलेले असतात. बांध खासगी शेतांतून जातो, तेव्हा समोर शेतकरी दिसला तर आधी त्याच्याशी बोला. गाडी बांधावर चढवू नका, पावसाळ्यात तिथेच खांड पडते. कोलाडला पात्रात उतरू नका; पाणी सोडले की ते झपाट्याने वाढते. आणखी एक दिवस असेल तर रोहा-मुरूड तालुक्यांतले फणसाड अभयारण्य करा. तिथे जंगलातल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात आणि दुपारी गाणीपाशी शांत बसले की पक्षी पाण्यावर येतात. पण तो वेगळा विषय.

रोह्याहून परतीची एसटी पकडली तेव्हा तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या. माझ्या दिवसभराच्या नोंदीत ४७ जाती झाल्या. पेणच्या मित्राने त्याच्या मावशीच्या खाचराची जागा अॅपवर नवी नोंदवली आणि तिला नाव दिले ते त्या शेताचे जुने नाव, जे आता फक्त घरातल्यांना माहीत आहे.

एसटी खारपाड्याच्या पुलावर आली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. खाली पाताळगंगा काठोकाठ भरली होती. मागे खारेपाटात उघाड्यांची झापे मिटली असणार.